दगड पुढं घेतला, सिंधू

सिंधू, नंबर माहा व्हता.

घरात आधी मी आली. गुडघे आधी माहे गेले, दात आधी माहे गेले, नवरा आधी माहा गेला. साऱ्या गोष्टीत मी पुढं अन् तू मागं. लग्नाच्या पंगतीत ताटावर बसलो तरी मी पहिला घास उचलेपर्यंत तू हात लावत नव्हती. अन् या एका गोष्टीत मले ढकलून पुढं निंघून गेली. धाकट्या जावेनं असं करायचं असते का?

लोकं दारावर येऊन गेली. बायका माह्याजवळ बसत, नाक पुसत, अन् म्हणत का सिंधूबाई लई शांत स्वभावाच्या, कधी वरचा शब्द नाही. मी पदर पुढं ओढून घेई. त्यांले वाटे अक्का रडून राह्यली. पदराआड मी काय करत व्हती ते तुले समजलं असन. शांत म्हणे! भिंतीच्या त्या अंगानं तुहा आवाज निंघाला का माह्या घरातली मांजर दूध सोडून पळे.

एक बाई रावेरहून आली व्हती. तिनं इचारलं, जाता जाता काही बोलल्या का? आता काय सांगू मी? छातीत कळ आली म्हणून तुले जीपमध्ये बसवून राह्यले व्हते. एका अंगानं तुहा नवरा, दुसऱ्या अंगानं माही सून मनीषा. तोंड तुह्यं पांढरं पडलेलं. अन् तू काचेतून मान काढून मले काय म्हणली?

"अक्का, मी येईपर्यंत कपडे पुढं धुवा. पावडरचं पाणी नका सोडू तिकडं."

साऱ्या जन्माचं जावाजावांचं नातं अन् शेवटचा शब्द पावडर. मी म्हटलं, "आधी ये तर. मंग भांडू." जीप गेली. जळगावहून तू आली, पण भांडण्यासारखी नाही आली.

त्या बाईले मी सांगितलं, देवाचं नाव घेतलं तिनं. खोटं बोलल्याचं पाप लागलं तर ते तुह्या खात्यात जाऊ दे.

तू तिकडची, दोंडाईच्याच्याही आतली. तुह्या माहेरी पाणी म्हणजे डोक्यावर आणायची गोष्ट. आमच्या अठी केळीचा मुलूख, मळ्यात दांडानं पाणी वाही, रातदिस मोटार चाले. हातपाय धुतलेल्या पाण्याकडं आमच्यात कोणी पाहातही नव्हतं. न्हाणीतून निंघे, अंगणातून जाई, गल्लीत चिखल करे. तू नवी नवरी, अंगावरची हळद गेली नव्हती, अन् न्हाणीमागं उभी राहून त्या पाण्याकडं पाहात व्हती. मले वाटलं पोरीले माहेर आठवलं. जवळ गेली तर म्हणे, "अक्का, बठ्ठं पानी वाया जाई राहिनं."

अन् सारं पाणी वाया चाललं म्हणून खरंच रडली. सांडपाण्यासाठी रडणारी बाई मी पहिल्यांदा पाह्यली. आम्ही साऱ्या जणींनी किती दिस तुही नक्कल केली, बठ्ठं पानी, बठ्ठं पानी. तू हसली नाही अन् रागावलीही नाही. मले तवाच समजाले पाह्यजे व्हतं का ही बाई गोष्ट सोडणारी नाही.

मंग तू अळू लावला. आपल्या मळ्याच्या शेवटाले नाला हाये, तठी सावलीत मोठमोठ्या पानांचा अळू आपोआप उगे. त्याचे कांदे तू ओटीत बांधून आणले अन् न्हाणीच्या पाण्यावर लावले. त्याले गुरंही तोंड लावत नव्हती. गुरं ज्याले तोंड लावत नाही त्याले माणसानं लावू नये, एवढी गोष्ट. पण तुमच्या गावाले अळूच नाही तर तुले समजन कसं? अन् आमच्यात तो कोणी लावलाच नव्हता तर आम्ही सांगू काय? पानं सुपाएवढी झाली. नेमके तवाच आपल्या नणंदेले पाहाले पाव्हणे आले अन् तू वड्या केल्या.

दिसाले लई देखण्या झाल्या व्हत्या. पाव्हण्यांचा म्हातारा आधी खाकरला. मंग त्याची बायको खाकरली. मंग आपले आबा. आबा म्हणजे आपले सासरे, बोलाले बसले का समोरच्या व्याह्याले तोंड उघडू देत नव्हते. त्या दिवशी त्यांच्याच घशातून शब्द निंघेना. साऱ्यांचे गळे खाजले. चिंचेचं पाणी पेऊन पेऊन सारी बैठक गपचीप बसली. अन् तसंच ते लग्न जमलं. पाव्हणे नंतर साऱ्यांले सांगत, व्याही लई मोजकं बोलणारा माणूस हाये.

संध्याकाळी आबांचा आवाज फुटला अन् पहिला शब्द निंघाला, "उपट ते."

तू उपटला. अन् पुढच्या बाजारी रावेरले एका माळीणबाईजवळ बसून बसून तिच्याकडून काळ्या देठाचे कांदे आणले, वडीचा अळू. आबा ओट्यावर बसले व्हते. तू डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून, त्यांच्यासमोरून ते कांदे नेले अन् त्याच खड्ड्यात लावले. आबा काही बोलले नाही. मले वाटते त्यांचा गळा आठवणीनंच खाजला असन.

केळीच्या गावात अळूले कोण इचारते? गल्लीतली माणसं तुह्या नवऱ्याले म्हणत, नाना, तुमच्या मळ्यात घडाले घड लागले अन् तुमची मंडळी मोरीवर शेती करून राह्यली. नाना हसत. अन् खात सारे, मले काय माहीत नाही? ऋषीपंचमीले गावातल्या अर्ध्या बाया तुह्या दारात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं चालत नाही, अन् तुह्या अळूले बैलाचं खूर कधी लागलं नव्हतं. त्याले लागलं ते तुह्यं खुरपं अन् माह्या आंघोळीचं पाणी.

मंग भाऊ भाऊ वेगळे झाले. मोटारीच्या पाळीवरून झालं. भांडण विहिरीवर झालं अन् भिंत अंगणात उठली. न्हाणी माह्या वाट्याले आली, अळू तुह्या वाट्याले गेला. गवंडी इचारे, न्हाणीच्या पाण्याचं काय करू? दोन भाऊ दोन अंगाले तोंड करून उभे, कोणीच बोलेना. तू दाराआडून म्हणली, बुडाशी भोक ठेवा. गवंड्यानं ठेवलं. तवापासून त्या दोघांची बोलचाल बंद, अन् माह्या आंघोळीचं पाणी रोज सकाळी तुह्या अंगणात.

एक गोष्ट मात्र खरी, भिंत उठली अन् अळू भारी झाला. आधी त्याले दुपारचं ऊन लागे. रागानं बांधलेल्या त्या भिंतीची सावली तेवढी कामाची निंघाली.

तू त्याचं जे करे ते मी पोराचं नाही केलं. आपल्याकडचा उन्हाळा, मळ्यातल्या केळीची पानं करपतात. तू भिंतीले काठ्या टेकवून वरून गोणपाट टाके अन् ते ओलं करे. बुडाशी केळीचा वाळला पाला अंथरे, ओल उडू नाही म्हणून. चुलीची राख चाळून टाके. पान काढायचं तर सकाळीच, अन् बाहेरचं. मधला गुंडाळलेला पोंगा अन् त्याच्याजवळची दोन पानं राहू द्यायची. "त्याले तोंड झाकाले ठेवा, अक्का." अन् पावसाळ्याच्या आधी कांदे उकरून मोठ्या कांद्यापासून लहाने वेगळे कराचे, आईले चिकटून राह्यले तर पोसत नाही म्हणे. तुहा पंकज नोकरीसाठी नाशिकले गेला अन् तू जेवत नव्हती, तवा तुह्यंच हे वाक्य मी तुले म्हटलं तर किती दिस माह्याशी बोलली नाही. अळूले लागू अन् तुले लागू नाही, असं असते का?

ज्या साली वादळानं उभी केळी आडवी केली त्या साली दोघं भाऊ दोन बांधांवर डोकं धरून बसले. घड भरले व्हते, कापणी आली व्हती. एका दुपारी सारं गेलं. घरात भाजीचं पान नव्हतं, अन् कोणाले भूकही नव्हती. तू भिंतीवरून अळूची जुडी टाकली. पानं फाटली व्हती पण देठ उभे. म्हणे, "हाऊ आडवा नही व्हस." आमची बोली तू कवाच उचलली व्हती, पण घाई झाली का तुह्या तोंडातून तुह्या माहेरची निंघे. मी ताकातली पातळ भाजी केली, दाणे टाकून, अन् ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसंगं साऱ्यांले घातली. रडाले वेळच नाही मिळाला. दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन केळीचे पडलेले खांब उचलू लागलो.

आता पावडरचं. ते मी आज पुन्हा सांगणार हाये, अन् आज तू मधात बोलू शकत नाही.

माह्या घरचे माणसं घड कापणारे. केळीचा चीक कपड्याले लागला का आधी दिसत नाही. वाळला का काळा पडते अन् जन्मात निंघत नाही. सोड्याबिगर, पावडरबिगर तो डाग ढिलाही व्हत नाही. मनीषानं मशीन आणलं तरी मळ्याचे कपडे माह्याच वाट्याले, मशीनले चीक समजत नाही. मी न्हाणीमागच्या दगडावर धुवे, ते पाणी भोकातून तुह्याकडं जाई. पान पिवळं पडलं का तू भिंतीवरून सुरू.

"अक्का, तुमच्या पावडरनं."

मी म्हणे, ऊन लागलं. तू म्हणे, सावलीत कुठलं ऊन? मी म्हणे, भादव्याचं ऊन सावलीतही शिरते. तू खाली बसून मातीचा वास घे अन् म्हणे पावडर हाये. मी म्हणे, घे वास, अत्तर समजून घे. असं किती साल चाललं. नातवंडं झाली तरी चाललं.

अन् तुह्यं एकच मागणं, दगड पुढं घ्या. पुढं म्हणजे गल्ली. तो दगड सासूबाईनं तठी बसवला, मी त्याच्यावर बसून तरणीची म्हातारी झाली. गल्लीत बसून, लुगडं गुडघ्यावर खोचून कपडे आपटू, अन् जाणाऱ्या-येणाऱ्यानं पाहावं? अन् पुढं सावली कुठी हाये? तुह्या अळूले सावली पाह्यजे, मले नको? हे मी तुले म्हटलं तर तू हसली. हसण्यासारखं त्यात काय व्हतं ते अजून मले समजलं नाही.

तुले त्या भोकातून सारं समजे. एका उन्हाळ्यात बोअर आटली, गावात टँकर. मी ओल्या फडक्यानं अंग पुसून घे. अन् तू भिंतीपल्याडून, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी, "अक्का, आजही आंघोळ नाही केली का?" मी म्हटलं, हळू बोल बाई, गावाले दवंडी नको देऊ. तर म्हणे, नाही, अळू वाट पाहून राह्यला.

आमच्या घरचे गेले तवाची गोष्ट मी कोणाले सांगितली नाही. भावाभावांची बोलचाल तवाही बंदच व्हती. नानांनी खांदा दिला, नदीवरून आले, अन् परभारे आपल्या घरी गेले. गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, पाव्हणे गेले, पोरगा मळ्यात जाऊ लागला. मी पडून राहे. जेवल्या का म्हटलं तर हो म्हणे. आंघोळ एक दिस राहून गेली, मंग राहातच गेली. अन् तू पुढच्या दारानं आली. भिंत उठल्यापासून पहिल्यांदा माह्या उंबऱ्यात. मले वाटलं आता गळ्यात पडशीन, आता रडशीन. तू दारातूनच म्हणली,

"अक्का, मोरी कोरडी शे. अळू मान टाकी राहिना. उठा, आंघोळ करा."

मले असा राग आला. माहा नवरा गेला अन् हिले अळूचं पडलं. रागानंच उठली. रागानंच दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. पाणी भोकातून पल्याड गेलं अन् तठून तुहा आवाज आला, "आलं."

तेवढंच. पण तवापासून रोज सकाळी मी पाणी सोडे अन् तू तठून म्हणे, आलं. मी कधी ओ दिली नाही. गरज काय व्हती?

मंग तू गेली अन् सुतक आलं. दोन्ही घरांले आलं, भिंत सुतकाले अडवत नाही. साबण बंद, सोडा बंद, अंगाले तेल नाही, चुलीवर कढई नाही. मळ्यात कोणी जाईना म्हणून चिकाचे कपडेही नव्हते. तुले पोचवून आलेली सारी माणसं माह्याच न्हाणीत आंघोळ करून गेली. मंग दूरदूरचे पाव्हणे, रोज बादल्यावर बादल्या. साधं पाणी, निव्वळ पाणी, तुह्या त्या भोकातून.

अळूकडं पाहाले तवा जीव कोणाचा व्हता? दहाव्याले नदीवरून आलो अन् मी तुह्या अंगणात गेली. अन् तठीच उभी राह्यली. पानं माह्या छातीले लागत व्हती. देठ मनगटाएवढे, काळेभोर. इतकी साल पाहून राह्यली मी, असा अळू कधी झाला नव्हता. एक पान पिवळं नाही. मी एकेक पान उलटून पाह्यलं, सिंधू, हातानं धुंडलं. एकही नाही.

नाना ओट्यावरून म्हणले, "वहिनी, यंदा अळू जोरात हाये."

त्यांले काय माहीत. मले माहीत झालं. म्हणजे पावडरच व्हती. म्हणजे इतके साल तू म्हणत व्हती ते बरोबर अन् मी भिंतीवरून तोंड वाजवत व्हती ते फुकट. बरं, बरोबर तर बरोबर, पण सांगू कोणाले? भांडण जिंकाले कोणी मरते का, बाई? समोर उभी राहून जिंकायचं व्हतं. मी नाही म्हटलं असतं, तू मातीचा वास घेतला असता, मी नाक मुरडलं असतं. हे कसलं जिंकणं? अन् मी म्हणते, पाऊसही व्हता. सारा श्रावण झड व्हती. पाऊस तर दरसाली पडते, असं तू म्हणशीन. म्हण ना. म्हणून दाखव.

अन् त्या पानांचं काय कराचं? सुतकात कढई चढत नाही. जन्मातला सगळ्यात चांगला अळू, अन् घरात फोडणी नाही. तू असती तर दोन्ही घरांले पुरून गल्लीत वाटल्या असत्या वड्या.

गंधमुक्ती झाली अन् दुसऱ्या दिवशी पंकजनं गवंडी आणला. तुह्या पोराले मी वाईट नाही म्हणत. नानांले एकटं ठेवणार नाही, संगं घेऊन जातो म्हणे. घराले कुलूप. मोरीचं पाणी साचन, डास व्हतीन, माणसाले ताप येईन. म्हणून भोक बुजवतो, अंगणात फरशी टाकतो, अन् तुमच्या न्हाणीले पाइप लावून गल्लीच्या गटारीत सोडून देतो. सारं शहाण्यासारखं. त्यात चूक काढाले मले जागा नव्हती.

मी म्हटलं, "अन् अळू?"

"मोठी आई, अळूचं काय, बाजारात जुडी मिळते की."

नाना खाली पाहात बसले व्हते. गवंडी थापी घेऊन उभा. वाटणी झाल्यापासून तुह्या घराजवळ मी काही मागितलं नव्हतं. मीठ नाही मागितलं, विरजण नाही मागितलं. मागाले मले येतच नाही. तरी म्हटलं, "भोक बुजवू नको."

पोरगा माह्याकडं पाहातच राह्यला. "तुम्हीच तर त्या पाण्यावरून आईशी रोज भांडायच्या."

"भांडत व्हती म्हणूनच म्हणते."

तू गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला. मंग ओट्यावर बसला अन् हसता हसता त्याचं तोंड वेगळंच झालं. म्हणला, "आई रोज सकाळी फोन करायची. काय चाललंय म्हटलं की एकच सांगायची, अक्का उठल्या, पाणी आलं. मी म्हणायचो, आई, हे काय रोज रोज सांगतेस? तर म्हणायची, मग दुसरं काय सांगू."

सिंधू, हे तू त्याले सांगितलं. नाशिकले सांगितलं, फोनवर, रोज. अन् मी एका भिंतीपल्याड बसलेली, मले काय सांगितलं? पावडर. दगड. आंघोळ केली का. एक दिस भिंतीवरून मलेही म्हणायचं व्हतं ना. तुह्यं काय गेलं असतं?

मीही नाही म्हटलं काही, ते माहीत हाये मले. पण मी मोठी. मले वाटे, जाता जाता मी म्हणीन. तू जवळ बसलेली असशीन, मले पाणी पाजत असशीन, तवा म्हणीन, का सिंधू, त्या दिवशी तू दारात येऊन अळूचं बोलली म्हणून मी उठली. तू रडली असती तर आपण दोघी रडत बसलो असतो, अन् मी उठलीच नसती. हे मी ठेवून ठेवलं व्हतं. नंबर माहा व्हता म्हणून ठेवून ठेवलं व्हतं. आता ते घेऊन मी कुठी जाऊ?

गवंडी इचारे, दादा, काय कराचं मंग? मी म्हटलं, "तू माह्याकडं ये. पहार घेऊन ये."

न्हाणीमागचा दगड त्यानं अन् पंकजनं मिळून काढला. लवकर निंघेना. जमिनीले धरून बसला व्हता. मनीषा दारात आली, म्हणे आई, हे काय? मी म्हटलं, सरक. दगड निंघाला तर खाली ओला खड्डा, त्यात किडे वळवळत व्हते. साऱ्या आयुष्याची पावडर पेऊनही ते जिवंत. मंग मले पुन्हा वाटलं का पावडर नसन. पण दगड निंघाला व्हता. त्यांनी तो लोटत लोटत पुढं नेला अन् ओट्याच्या कडेले बसवला. तठून पाणी सरळ गल्लीच्या गटारीत जाते.

आता मी पुढं बसून धुते. जाणारे-येणारे म्हणतात, अक्का, इकडं कशा? म्हणते, हवा लागते. हवा कसली, ऊन डोक्यावर. अंगाचा साबणही सोडला. बेसन लावते, या वयात, नव्या नवरीसारखं. मनीषा पाठ करून हसते. हसू दे.

भोक तसंच हाये. किल्ली पंकजनं माह्या हातात दिली. निंघताना नाना अळूजवळ जाऊन उभे राह्यले. माह्याशी जन्मात धड चार शब्द बोलला नाही तो माणूस. म्हणला, "वहिनी, पानं काढत जा. नाहीतर ती रागावन."

मी काढते. सकाळीच काढते, बाहेरचं काढते, पोंग्याजवळची दोन ठेवते. गल्लीत वाटते. घेणारी प्रत्येक जण म्हणते, सिंधूबाईच्या हातचा अळू. बरं. पाणी कोणाचं ते कोणी इचारत नाही.

अन् काल सकाळी कुलूप काढून आत गेली तर कडेचं एक पान पिवळं. चांगलं पिवळं, हळद लावल्यासारखं. मी खाली बसली. गुडघे ओरडले तरी बसली. बुडाची माती हातात घेऊन वास घेतला, तू घे तसा. पावडर नाही, सोडा नाही, काही नाही. नुसती माती. वर पाह्यलं तर भिंतीच्या डोक्यावरून उन्हाची तिरीप सरळ त्याच पानावर. भादव्याचं ऊन, सिंधू. मी म्हणत व्हती. जन्मभर म्हणत व्हती.

ते पान मी काढलं नाही. राहू दिलं. भिंतीच्या या अंगाले आली अन् जोरात म्हटलं, "पाह्यलं का? ऊन हाये ते."

मनीषा घरातून म्हणे, आई, कोणाशी बोलून राह्यल्या? मी न्हाणीत गेली. बादली अंगावर ओतली, पाणी भोकातून पल्याड गेलं, अन् मी तशीच ओली बसून राह्यली, भिंतीकडं कान करून.